समुद्र तारखेने चालतो

१ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी ऑफिशियल आहे.

चंद्रिकाबेनच्या मंडळाने मला सोबती केलं. सोबती म्हणजे बाहेरून आधी आलेल्याने बाहेरून नंतर आलेल्याला सांभाळायचं. रेशन कुठे, दवाखाना कुठे, शाळेत नाव कसं घालायचं, कुठल्या कुत्र्याला घाबरायचं. पगार नाय. निळी टोपी आणि शिट्टी मिळाली. टोपी ढिली आहे. डोकं वाढेल.

मी तलासरीच्या वरच्या डोंगरातला. नरपडला चिकूच्या वाडीत कामाला लागून तीन वर्षं झाली. म्हणजे आता इथलाच. बाबल्याकाका मच्छीमार आहे, स्वतःची होडी आहे, तोंड कायम वाकडं. तो मला अजून डोंगऱ्या बोलतो. प्रेमानेच बोलत असणार.

ट्रेनिंगमध्ये चंद्रिकाबेन एकच गोष्ट परत परत बोलल्या. नविनभाई, जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायचं, हं. मी मान हलवली. मला सगळंच माहीत आहे, त्यामुळे प्रॉब्लेम नाय.

संकल्प: रोज लिहिणार. नवीन माणसांची मस्करी करणार नाय.

२ फेब्रुवारी

दुसरा संकल्प मोडला. माझी चूक नाय, माणसंच तशी आली.

लडक्या आणि त्याची बायको शुक्री. उधव्याच्या पुढच्या पाड्यावरून. वाडीमागच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये राहणार. दोघांनी समुद्र पहिल्यांदा बघितला. लडक्याने विचारलं, एवढं पाणी कोणाचं. मी बोललो, शेठचं.

मग सांगितलं, इकडचा रिवाज आहे. पाण्यात पहिला पाय टाकायच्या आधी चपला काढून हातात घ्यायच्या, समुद्राला रामराम करायचा आणि स्वतःचं नाव सांगायचं. नाय सांगितलं तर तो ओळखत नाय. लडक्याने केलं. एवढ्या जोरात नाव सांगितलं की बगळे उडाले. मी सुरूच्या झाडामागे जाऊन हसलो.

अजून एक सांगून ठेवलं. सोबत्याने शिट्टी वाजवली की हात वर करून हलवायचा. तो नमस्कार असतो. दोघांनी हलवला. मी चार वेळा वाजवली. चार वेळा हलवला.

शुक्री वहिनीने सगळं केलं, पण माझ्याकडे बघत केलं. तिच्या बघण्यात काहीतरी आहे. आवडलं नाय.

३ फेब्रुवारी

खोल्यांतल्या बायका ओहोटीला खडकावर जातात. कालवं काढतात, चिंबोऱ्या पकडतात. घरच्या कालवणाचं भागतं, उरलं तर डहाणू रोडला विकलं जातं. शुक्री वहिनीला पण जायचं आहे. तिने विचारलं, पाणी कधी जातं, कधी येतं. मी बोललो, संध्याकाळी सांगतो.

हे माहीत करून घेणं गरजेचं आहे, कारण तो खडक चांगला नाय. किनाऱ्यापासून लांब आत आहे, आणि मध्ये एक खोल चर आहे. पाणी परत येतं तेव्हा आधी चर भरते. मागून. आवाज न करता. खडक कोरडाच असतो, माणूस मान खाली घालून कालवं खणत असतो, आणि मागे दार लागलेलं असतं. बाबल्याकाकाची मोठी बहीण तशीच गेली. तो बोलत नाय त्याच्यावर. पण त्या खडकाकडे तोंड करून कधी बसत पण नाय.

त्याच्याकडे गेलो. जाळं शिवत होता. बोलला, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. तिच्यापुढे सहा तासांनी ओहोटी. पंधरा झाले की परत एकपासून. पुढे चांदाचं काहीतरी सांगत होता, पण मला समजलं होतं म्हणून मी निघालो. जुनी माणसं तारखेला तिथी बोलतात. मला पाऊणकी येत नाय, मोबाईलला येते. आज तीन तारीख. सव्वादोनला भरती, सव्वाआठला ओहोटी.

एवढं सोपं. लोक उगाच समुद्राला घाबरतात. वाडीचा पगार तारखेने, लाइटबिल तारखेने, गॅसची टाकी तारखेने. समुद्र काय आभाळातून पडलाय.

४ फेब्रुवारी

चार तारीख. नऊला ओहोटी सांगितली. साडेआठला सगळे गेलो. खडक उघडा. टोपल्या भरून परत आलो. पाणी जरा घाईत होतं, पण घाईत कोण नसतं.

बायका मला भरतीमास्तर बोलायला लागल्या. लडक्याने विचारलं, तू लहानपणापासून इथेच का? मी नाय बोललो नाय.

७ फेब्रुवारी

मोठं काम केलं. जुन्या पत्र्यावर वाडीतला हिरवा रंग घेऊन टाइमटेबल रंगवलं. एक ते एकतीस, प्रत्येक तारखेसमोर ओहोटीची वेळ. वर लिहिलं, समुद्र. खाली लिहिलं, हुकमावरून सोबती. हापशीजवळच्या भिंतीला खिळ्याने ठोकलं. आता दर महिन्याला बदलायची गरज नाय. तारखा त्याच असतात.

चंद्रिकाबेनना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. त्यांनी चष्मा लावला होता की नाय माहीत नाय.

१० फेब्रुवारी

दोन दिवस झाले, खडक धड उघडतच नाय. बोर्ड बोलतो ओहोटी, समोर पाणी. बाबल्याकाका बोलला, भांग आहे. मला वाटलं सकाळी सकाळी? पण भांग म्हणजे असे दिवस, पाणी धड चढत नाय, धड उतरत नाय. चांदावर असतं बोलला. मी बोललो, असेल. बोर्डावर भांगासाठी जागा उरली नाय.

२० फेब्रुवारी

बोर्डावर पावणेदहा. बायका बोर्ड बघून निघाल्या आणि थोड्याच वेळात परत आल्या. टोपल्या अर्ध्या, लुगडी मांडीपर्यंत भिजलेली. कोणी हसत नव्हतं. शुक्री वहिनी बोलली, नविन भाऊ, पाणी बोर्डाच्या आधीच फिरलं.

मी विचार केला. बोर्ड चुकणार नाय, कारण तो पत्र्याचा आहे. म्हणजे समुद्र चुकला. कारण पण सापडलं. वाढवणला मोठं बंदर होणार म्हणतात, तिकडे कधीपासून लोक मोर्चे काढतात. टेन्शन समुद्राला पण येतंच ना. तो लवकर यायला लागलाय.

वहिनीला सांगितलं. ती बोलली, समुद्राला टेन्शन, तर तुला का नाय?

मग मी स्वतः किनाऱ्यावर जाऊन चर बघत थांबलो. बघता बघता भरली. एक बुडबुडा पण आला नाय.

२३ फेब्रुवारी

संकल्प: समुद्र सुधारेपर्यंत सगळ्यांनी बोर्डापेक्षा अर्धा तास लवकर निघायचं. बोर्डावर लिहिणार होतो. रंग सुकला.

३ मार्च

गावाला आलोय. काल होळी पेटली. शुक्री वहिनीची बहीण शेजारच्या पाड्यावर दिलेली आहे, म्हणून वहिनी पण आली. नाचून दमल्यावर सगळे बसलो होतो. वहिनीने विचारलं, भाऊ, तुझ्या हिशोबाने आज किती? मी बोललो, दोन तारीख, म्हणजे दोन. ती बोलली, मग वर दुजेची बारीक कोर पाहिजे. हा तर परातीएवढा आहे. होळी पुनवेलाच असते ना? बाबल्याकाका तिथी बोलला असेल. चांदाची.

सगळे वर बघायला लागले. मी पण बघितलं. मोठा होता, हे खरं.

मी बोललो, डोंगरातला चांद वेगळा, समुद्रावरचा वेगळा. सगळे एवढे हसले की माझी आईपण हसली. ती बोलली, तीन वर्षं समुद्राजवळ राहून पोरगा चांद विसरला.

आज ग्रहण होतं. चांद उगवला तो तांबडा, खाल्लेला. मी बाहेर जास्त बसलो नाय. थंडी होती.

६ मार्च

नरपडला परत. बोर्डावर साडेदहा. मी मुद्दाम किनाऱ्यावर गेलो, सगळ्यांसमोर सिद्ध करायला. सगळ्या समोरून परत येत होत्या. शुक्री वहिनी पुढे, टोपल्या काठोकाठ. मी बोललो, तुम्ही चुकीच्या वेळेला गेलात. वहिनी बोलली, हो ना, चुकून टोपल्या भरल्या.

मी वाळूत बसून साडेदहाची वाट बघितली. समुद्र उतरायच्या ऐवजी चढत गेला. माझ्या पायापर्यंत आला. मी पाय मागे घेतले, त्याने पुढे घेतले. मुद्दाम करतोय.

आता कळलं, बायका महिन्यातून दोनदा बाबल्याकाकाच्या बायकोला तिथी विचारतात आणि रोज रात्री वर बघतात. मला कोणी सांगितलं नाय. बोर्डावर कोणीतरी चुन्याने गोल चांद काढलाय, त्याला जीभ काढलेली. असल्या मस्कऱ्या मला अजिबात पटत नाय.

७ मार्च

शुक्री वहिनी आली. हळू बोलली, त्यामुळे जास्त लागलं. बोलली, आम्हाला माहीत झालं, आमचं सोड. पण उद्या नवीन कोण आलं तर ते बोर्डच वाचणार. काढून टाक भाऊ. माणूस जाईल.

उद्या काढतो.

८ मार्च

काढायला गेलो. खिळा गंजलाय.

११ मार्च

पक्कड लडक्याकडे आहे. लडक्याकडे मागितली असती तर त्याने विचारलं असतं कशाला.

१५ मार्च

नवीन जोडपं आलं, विक्रमगडच्या पुढून. हिरू आणि जयवंती. चंद्रिकाबेननी मलाच दिलं. म्हणजे त्यांचा विश्वास आहे. किंवा त्यांना कोणी काही सांगितलं नाय.

जयवंती वीस-एकवीसची असेल. मला साहेब बोलली. टोपीमुळे. हिरूला लगेच वाडीत काम लागलं, ती दिवसभर खोलीवर. रेशन दाखवलं, दवाखाना दाखवला. शिट्टीचा नमस्कार शिकवला. रामराम पण. हसायला कोणीतरी नवीन मिळालं, बरं वाटलं.

ती पाचवीपर्यंत शिकलीये. हापशीवर उभी राहून तिने बोर्ड मोठ्याने वाचून दाखवला, बोट फिरवत, एक ते एकतीस. बोलली, साहेब, किती छान केलंय, कोणाला विचारायची गरजच नाय.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. पण ती साहेब बोलली होती.

१७ मार्च

शुक्री वहिनीने विचारलं, जयवंतीला सांगितलंस ना बोर्डाचं? मी बोललो, सांगितलं.

हे खोटं नाय. उद्या सांगणारच आहे, फक्त आधी बोललो.

१९ मार्च

पाडवा. वाडीला सुट्टी. शेठने श्रीखंड दिलं. सणाच्या दिवशी मरणाच्या गोष्टी काढू नयेत. उद्या.

पक्कड मिळाली. उशाशी ठेवलीये.

२० मार्च

दिवसभर चिकू उतरवले. मान आखडली. सकाळी पहिलं काम बोर्ड. नक्की. आईशपथ.

२१ मार्च, शनिवार, सकाळी

झोप लागली. शेठचा माणूस हाक मारतोय, गाडी भरायची आहे. दुपारच्या सुट्टीत काढतो.

२१ मार्च, संध्याकाळी

आजचं आजच लिहिणार.

वाडीच्या टोकाच्या झाडावर होतो. तिथून खडक दिसतो. खडकावर एक पिवळं दिसलं. एकटंच. बाकी बायका सकाळीच जाऊन आल्या होत्या, हापशीवर कालवं धूत होत्या. मी मोबाईल बघितला. साडेदहाला थोडा वेळ होता. बोर्डाप्रमाणे पाणी अजून उतरत असायला पाहिजे होतं. पिवळ्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये चर चकाकत होती. रुंद.

पाडव्याला जयवंतीने पिवळी साडी घेतली होती.

झाडावरून शिट्टी वाजवली. जेवढी छातीत हवा होती तेवढी. तिने मान वर केली, माझ्या दिशेला बघितलं, हात वर करून हलवला. आणि परत खाली वाकून खणायला लागली.

परत वाजवली. परत हलवला.

उतरलो कसा, माहीत नाय. धावत वाजवत गेलो. किनाऱ्यावरून वाजवली. ती हसत हात हलवत होती. दोन्ही हात. मी ओरडलो तर वारं समोरून, काहीच जात नव्हतं. शिट्टीच तेवढी जात होती. आणि शिट्टीचा अर्थ मीच शिकवलेला होता.

पाण्यात शिरलो. मला पोहता येत नाय. आमच्या डोंगरात पोहायला पाणीच नाय. कमरेपर्यंत ठीक होतं. मग पायाखाली काही नव्हतं. पाणी किती शांत असतं ते कळलं. ढकलत नाय, ओढत नाय. फक्त वर येतं.

मागून धडाधड आवाज आला. शुक्री वहिनी. तिने बोर्ड भिंतीवरून उपटून आणला होता, खिळ्यासकट, आणि दगडाने बडवत होती. तो नमस्कार नव्हता, ते कोणालाही कळलं असतं. जयवंतीने आता चरीकडे बघितलं. मग तिने टोपली सोडली. ती ओरडली ते मला इथपर्यंत ऐकू आलं, तेवढं वारं आमच्या बाजूचं होतं.

बाबल्याकाकाची होडी आली. लडक्या वल्ही मारत होता. लडक्या बोलला, पहिलं तिला घेऊ. बाबल्याकाका बोलला, ती शहाणी आहे, उंच खडकावर चढून बसलीये, तिच्याकडे वेळ आहे. पहिलं ह्या डोंगऱ्याला घे, हा पाणी पितोय. आणि केसांना धरून मला वर ओढलं.

मग तिला घेतलं. खडकाचं तेव्हा फक्त डोकं उरलं होतं, तिच्या पायाएवढं. आज पहिल्यांदा बाबल्याकाका त्या खडकाकडे तोंड करून बसला होता. खडक बुडेपर्यंत.

माझी एक चप्पल गेली. टोपी वाचली.

२२ मार्च

टोपी पण गेली.

चंद्रिकाबेन आल्या. मला वाटलं ओरडतील. उत्तर तयार ठेवलं होतं, वाढवणचं आणि बाकीचं. त्या ओरडल्या नाय. मला विचारलं, नविनभाई, तिला सांगितलं नव्हतं ना? मी तयार ठेवलेलं सगळं उत्तर विसरलो. नाय बोललो.

त्यांनी हात पुढे केला. मी टोपी आणि शिट्टी दिली. त्यांनी ती शुक्री वहिनीला दिली. वहिनीला येऊन दोन महिने पण झाले नाय. टोपी तिला बरोबर बसली, हे जास्त लागलं.

हिरू गाठोडं बांधत होता. बोलला, आपण परत जाऊ, इथे माणसंच मारतात. शुक्री वहिनी जयवंतीजवळ खोलीत जाऊन बसली, बराच वेळ. काय बोलल्या माहीत नाय. संध्याकाळी गाठोडं सुटलं.

जाताना चंद्रिकाबेन वहिनीला बोलल्या, तुझी नवीन माणसं आता तीन. हिरू, जयवंती आणि नविनभाई. मी हसलो. कोणी हसलं नाय. मस्करी नव्हती ती.

२३ मार्च

वहिनीने आम्हाला समुद्र शिकवायला नेलं. मला आणि जयवंतीला. जयवंती माझ्यापासून लांब चालत होती, मला साहेब पण बोलली नाय आणि नाव घेऊन पण बोलली नाय. मी वहिनीला आदल्या रात्रीच विचारलं होतं, किती वाजता निघायचं. ती बोलली, थांब, चांद बघून सांगते. मी पण बाहेर जाऊन बघितला. चारपाच दिवसांची कोर. बाबल्याकाका तेव्हा हेच सांगत होता, आणि मी निघून आलो होतो.

खडक उघडा होता. चरीत पाणी घोट्याएवढं.

वहिनी थांबली. बोलली, चपला काढा, हातात घ्या. रामराम करा. नाव सांगा.

मी हळूच बोललो, वहिनी, ते मी बनवलेलं होतं. खरं नाय ते.

ती बोलली, माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कर.

जयवंतीने केलं. नाव सांगताना तिचा आवाज फाटला, तरी पूर्ण सांगितलं. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. लांब बाबल्याकाका जाळं आवरत होता, तो पण बघत होता.

माझ्याकडे एकच चप्पल होती. ती हातात घेतली. रामराम केला. नाव सांगितलं, गाव पण सांगितलं.

मग चर ओलांडली, आणि खडकावर पुढे जायच्या आधी मागे वळून ती बघितली. दोनदा.